आईला घेऊन पहिल्यांदाच क्रूझवर जाताना काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न असा की सात रात्रींची पहिलीच क्रूझ आहे, सोबत गुडघेदुखी असलेली आई आहे, तर केबिन कुठली घ्यावी, सामान काय न्यावं आणि आईला बोट लागली तर काय करायचं. मी आतापर्यंत चार क्रूझ केल्या, त्यातल्या दोन आईवडिलांना घेऊन. त्या अनुभवावरून सांगते.

केबिनच्या आधी मार्ग नीट बघा. जहाज कुठल्या बंदरात किती वाजता लागतं आणि किती वाजता सुटतं, हे कागदावर लिहून काढा. जाहिरातीत ‘रोम’ असतं, पण जहाज लागतं चिव्हिटावेक्कियाला, रोमपासून ७०-८० किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे बहुतेकदा लिव्होर्नो. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, तिथून बर्लिनला जायलाच तीन तासांच्या आसपास लागतात आणि यायला पुन्हा तेवढेच. सकाळी ८ ते संध्याकाळी ६ असं लिहिलेलं असलं तरी उतरायला वेळ जातो आणि सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी परत चढावं लागतं. हातात किती वेळ उरतो, तो आईच्या चालण्याच्या वेगाने मोजा.

आणखी एक गोष्ट मार्गातच दडलेली असते. काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही, बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. या बोटींना टेंडर म्हणतात. सँटोरिनीला असंच आहे. जहाजातून हलत्या बोटीत पाऊल टाकताना कर्मचारी दोन्ही बाजूंनी हात धरतात, तरी ते एक पाऊल गुडघेदुखीवाल्या माणसाला जड जातं. माझ्या आईने एकदा त्या दारापाशी उभं राहून पाण्याकडे बघितलं आणि ‘मी वरच बसते’ म्हणाली. आधी कळलं असतं तर मी दुसरा मार्ग निवडला असता. प्रत्येक बंदरापुढे ‘धक्का की टेंडर’ हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

आता केबिन. जहाज लाटांवर सी-सॉसारखं हलतं. टोकं जास्त वरखाली होतात, मधला भाग कमी. वरच्या मजल्यांवर बाजूचं डुलणंही जास्त जाणवतं. म्हणून खालच्या डेकवरची आणि लांबीच्या मध्यावरची केबिन घ्या. लिफ्ट जवळ हवी, पण डोक्यावर पोहण्याचा तलाव किंवा नाचगाण्याचा हॉल नको. हे डेकच्या नकाशावर दिसतं. मोठ्या जहाजांची लांबी हलकी समजू नका. ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे. टोकाची केबिन मिळाली तर जेवायला जाणं-येणं हीच आईची तंगडतोड होईल. ‘गॅरंटी’ नावाच्या स्वस्त केबिनमध्ये नंबर कंपनी ठरवते. तरुण माणसांनी ती खुशाल घ्यावी, तुम्ही घेऊ नका.

बोट लागण्याचं म्हणाल तर मोठ्या जहाजांना बाजूने पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे डुलणं बरंच कमी होतं. तरी गोळी सोबत हवीच, आणि ती त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि वयस्कर माणसाच्या इतर औषधांशी त्यांचं जमेलच असं नाही, म्हणून आईच्या डॉक्टरांना आधीच विचारा. मळमळायला लागलं तर केबिनमध्ये वाचत पडू नये. बाहेर मोकळ्या हवेत बसून क्षितिजाकडे बघत राहावं.

कागदपत्रांत हयगय नको. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टला निदान सहा महिने मुदत असलेली बरी. मार्गातल्या प्रत्येक देशाचा व्हिसा लागतो का ते तपासा. तिथे उतरायचं नसलं तरी काही वेळा तो मागतात. शेंगेनमधून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटातून) निघून मध्ये बाहेरच्या देशात जाऊन परत यायचं असेल तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा हवा. विम्यात ‘मेडिकल इव्हॅक्युएशन’ आहे ना, ते शब्द शोधून वाचा. जहाजावर दवाखाना असतो, पण गंभीर आजारात माणसाला किनाऱ्यावर हलवावं लागतं आणि त्याचा खर्च फार मोठा असतो. आणि विमानाने सुटण्याच्या बंदरी एक दिवस आधी पोहोचा. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबेल, असं धरून चालू नका.

भाड्यात टिप्स, मद्य, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली बहुधा धरलेल्या नसतात. चढताच फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात तो जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि देशाच्या रोमिंग पॅकमध्ये ते येत नाही.

पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि केबिनच्या दारात त्या कधी कधी रात्री उगवतात. त्यामुळे पासपोर्ट, सगळी औषधं, चष्मा आणि आईचे एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री आणि किटली जप्त होतात. सर्ज प्रोटेक्टरची, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारी, एक्स्टेंशन बोर्डंही चालत नाहीत. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, तेव्हा चार चुंबकी हुक न्या. आईचा टॉवेल आणि औषधांची पिशवी तिच्या हाताच्या उंचीवर टांगता येते. जेवणाआधी हात साबणानेच धुवा, कारण जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा चालत नाही.

आणि एक कळकळीने सांगते, सुरक्षेच्या कवायतीला कंटाळू नका. १३ जानेवारी २०१२ ला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चिव्हिटावेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेली नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची मुभा होती. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण. जमायची जागा केबिनच्या कार्डावर छापलेली असते. पहिल्याच संध्याकाळी आईला घेऊन केबिनपासून तिथपर्यंत जिन्याने चालत जा, कारण संकटात लिफ्ट वापरत नाहीत. मी हे केलं तेव्हा कळलं की बाबांना तीन मजले चढायचे होते. लगेच काउंटरवर जाऊन सांगितलं आणि त्यांनी मदत लागणाऱ्यांच्या यादीत नाव लिहून घेतलं. तुम्ही तर बुकिंगच्या वेळीच सांगा.

बंदरात उतरताना घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. फोन आपोआप तिथली वेळ धरतो आणि दोन्हींत तासाचा फरक असू शकतो. मी डेकवरून एका जोडप्याला धक्क्यावर पिशव्या सांभाळत पळताना पाहिलंय. शिडी आधीच काढलेली होती. स्वतंत्र सहल करायची असेल तर परतीचा वेळ भरपूर राखा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जबाबदारी त्यांची असते, म्हणून लांबच्या ठिकाणी मी आईबाबांना त्यांच्याच सहलीने नेते.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या रात्रीच घेऊन जातात. आईच्या सकाळच्या गोळ्या, दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि चपला त्यात जाऊ देऊ नका.