जकुझीचा पंप बदलताना: आधी जुना का गेला ते पाहा

पावसाळा सरला की हॉट टब आणि जकुझीच्या पंपांविषयी प्रश्न येऊ लागतात. चार महिने टब झाकलेला असतो. मग पहिल्या सुट्टीला बटण दाबावं, तर मोटर नुसती गुणगुणते नाहीतर एमसीबी पडतो. या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले काही प्रश्न घेतले आहेत. बहुतेकांनी विचारलंय, "कोणता पंप घेऊ?" त्याच्या आधीचा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला नाही: जुना पंप गेला कशाने? ते कारण तसंच राहिलं तर नवा पंपही त्याच वाटेने जातो.

घोडबंदर रोड, ठाणे: टेरेस फ्लॅटमध्ये पाच माणसांचा हॉट टब आहे. 2 एचपीचा पंप जळला. दुकानदार म्हणतो, जवळजवळ त्याच किमतीत 3 एचपीचा देतो, जेट्सना जोर येईल. घेऊ का?

घेऊ नका. पहिलं कारण असं की या धंद्यात एचपीच्या आकड्याला फारसा अर्थ उरलेला नाही. 1 एचपी म्हणजे 746 वॅट. खऱ्या 2 एचपीच्या मोटरला 230 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर लागतात, 3 एचपीला 13 च्या घरात. पण काही कंपन्या मोटर क्षणभर देऊ शकेल तो कमाल जोर लेबलवर छापतात, आणि 9 अँपिअरच्याच मोटरवर 3 किंवा 4 एचपी लिहिलेलं सापडतं. म्हणून जुन्या पंपाच्या पट्टीवरचे अँपिअर वाचा आणि नव्याच्या पट्टीवरचे त्याच्याशी ताडून बघा. दुकानदाराचा 3 एचपी कदाचित तुमचाच 2 एचपी निघेल.

तो खरोखरच 3 एचपी असेल तर अडचण वाढते. टबमधले पाइप आणि जेट्स तेच राहणार. त्यांतून 20 टक्के जास्त पाणी न्यायचं तर दाब सुमारे 44 टक्के जास्त लागतो, कारण घर्षण पाण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे जोर थोडासाच वाढतो, आवाज आणि विजेचं बिल मात्र बरंच. शिवाय कंट्रोल बोर्डावरचा रिले (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि तिथवर आलेली वायर जुन्या अँपिअरच्या हिशोबाने बसवलेली असते. रिले चिकटला तर पंप बंदच होत नाही आणि अख्खा बोर्ड बदलावा लागतो.

खरेदीला जाताना जुना पंप गाडीत घालून नेलात तर उत्तम. ते जमत नसेल तर चारही बाजूंनी फोटो काढा आणि या गोष्टी टिपून घ्या: व्होल्ट, हर्ट्झ, अँपिअर, एक वेग की दोन, पाणी समोरून शिरून वर निघतं की बाजूने, आणि बैठकीपासून शाफ्टच्या (मोटरच्या फिरत्या दांड्याच्या) मध्यापर्यंतची उंची. अमेरिकन मापाच्या मोटरीत ही उंची 3 इंच असेल तर ती 48 फ्रेम, साडेतीन इंच असेल तर 56 फ्रेम. फ्रेम चुकली की पुढचं काहीच जुळत नाही. दोन वेगांचा पंप असेल तर त्याच्या जागी एक वेगाचा घालू नका. त्यातला कमी वेग फिल्टर आणि हीटरसाठी असतो. तो गेला तर पाणी गाळायला आणि तापवायलाही मोटर पूर्ण वेगाने धावत राहील.

पाइपच्या मापाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. आपल्या बाजारात 'दोन इंची' म्हणून तीन वेगळे पाइप मिळतात. शेतीच्या आणि प्रेशरच्या पीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास 63 मिमी असतो, प्लंबिंगच्या शेड्यूल 40 किंवा 80 यूपीव्हीसीचा 60.3 मिमी आणि गरम पाण्याच्या सीपीव्हीसीचा बहुधा 54 मिमी. प्लंबरने सोल्युशन भरपूर लावून 63 च्या फिटिंगमध्ये 60.3 चा पाइप बसवला, तर तो आठवडाभर टिकेल आणि मग गळेल. व्हर्निअरने बाहेरचा व्यास मोजा.

आता जळण्याचं कारण. मोटर हाताने फिरवून बघा. घरघर जाणवली तर बेअरिंग गेलंय आणि त्याच्या ताणाने वाइंडिंग (मोटरमधलं तारांचं वेटोळं) जळलंय. मग बेअरिंगमध्ये पाणी कुठून गेलं ते शोधायचं. उत्तर बहुतेक वेळा गळका सील (शाफ्टपाशी पाणी अडवणारा भाग) असतं. बेअरिंग ठीक असेल आणि मोटर एकसारखी काळी पडली असेल, तर व्होल्टेज बघा आणि मोटरला हवा मिळत होती का तेही बघा. टेरेसवरच्या टबाच्या कपाटाच्या जाळ्या कबुतरांच्या त्रासाने कायमच्या बंद केलेल्या मी खूप ठिकाणी पाहिल्या आहेत. मोटर त्यात अक्षरशः उकडते. बारीक जाळी लावा, पण वारा खेळता ठेवा.

मोटर भरून घेण्याचाही, म्हणजे वाइंडिंग नव्याने गुंडाळून घेण्याचाही पर्याय आहे. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे एमआयडीसीत हे काम चांगलं होतं. मात्र मोटर दोन वेगांची आहे हे आधीच सांगा. त्यात दोन वेगळी वाइंडिंग असतात, आणि सोडवताना नोंद ठेवली नाही तर कमी वेग परत मिळत नाही.

ऐरोली: पंप गुणगुणतो, पण फिरत नाही. नवा घ्यावा लागेल का?

बहुधा नाही. आधी मेन बंद करा, मागच्या बाजूने शाफ्ट स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून बघा. खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेत बंद पडून राहिलेला शाफ्ट गंजून अडकतो. तो मोकळा फिरत असेल तर कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) गेलेला असण्याची शक्यता जास्त, आणि तो काही शे रुपयांत येतो. मायक्रोफॅरडचा आकडा तोच घ्या, व्होल्टचा आकडा तेवढा किंवा जास्त चालेल. मेन बंद असला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि गुणगुणणारा पंप "होईल सुरू" म्हणून चालू ठेवू नका, काही मिनिटांत वाइंडिंग जळतं.

पारसिक हिल, बेलापूर: अमेरिकेहून परतताना हॉट टब घरसामानासोबत आणला. जेट्सना तिथल्यासारखा जोर कधी आलाच नाही, आणि आता पंप तापून बंद पडतो. तसाच पंप तिथून मागवू का?

तसाच मागवलात तर तोही तापेल. तिथली वीज 60 हर्ट्झची, आपली 50 हर्ट्झची. मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो, त्यामुळे मिनिटाला 3450 फेऱ्यांची मोटर इथे सुमारे 2875 फेऱ्या फिरते. वेग 83 टक्के झाला की पाणीही तेवढंच कमी होतं, आणि दाब वेगाच्या वर्गाने उतरून 69 टक्क्यांवर येतो. तुम्हाला जाणवलेला फरक हाच. टबमध्ये दोष नव्हता.

तापण्याचं कारण वेगळं आहे. 60 हर्ट्झसाठी गुंडाळलेल्या वाइंडिंगला तेच व्होल्टेज 50 हर्ट्झवर मिळालं की लोखंडात चुंबकत्व सुमारे 20 टक्के जास्त भरतं. लोखंड तेवढं पेलत नाही, करंट वाढतो, मोटर पाणी कमी ढकलूनही जास्त तापते, आणि आतला थर्मल कटआउट तिला बंद करतो. तो कटआउट तुमचा मित्र आहे, कोणी तो काढून थेट जोडून देतो म्हणाला तर नको म्हणा.

उपाय म्हणजे 50 हर्ट्झसाठीच बनवलेला पूर्ण पंप घेणं. फक्त मोटर बदलून पुढचा पाण्याचा भाग जुनाच ठेवू नका. कमी वेगाची भरपाई म्हणून 50 हर्ट्झच्या पंपांत इम्पेलर (पाणी ढकलणारी चक्री) मोठा असतो. जुना छोटा इम्पेलर नव्या मोटरवर चढवलात तर तापणं थांबेल, जोर येणार नाही. "व्हीएफडी लावून 60 हर्ट्झ करून देतो" असंही कोणी सुचवेल. बाजारातले बहुतेक व्हीएफडी (हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारी यंत्रं) थ्री फेज मोटरसाठी असतात. तुमची मोटर सिंगल फेजची, कपॅसिटरवाली आहे, तिला ते मानवत नाही.

नवा पंप जोडण्याआधी टबचा वायरिंग डायग्राम उघडा, तो बहुधा कंट्रोल बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. अमेरिकन टबात मोठा पंप आणि हीटर 240 वर चालतात, पण ओझोनेटर किंवा छोटा सर्क्युलेशन पंप 120 व्होल्टचा असू शकतो. तिथे दोन फेज आणि न्यूट्रल मिळून ही सोय होते. आपल्याकडे फेज आणि न्यूट्रल यांच्यात सरळ 230 व्होल्ट असतात. 120 ची वस्तू त्यावर गेली तर लगेच जळते. अशा प्रत्येक वस्तूवरचं लेबल वाचल्याशिवाय मेन चालू करू नका.

खारघर: पंपाखाली सतत पाणी साचतं. जोड कोरडे आहेत. प्लंबर म्हणतो पंपच बदला.

मोटर आणि पुढचा पाण्याचा भाग जिथे जुळतात, तिथून थेंब पडत असतील तर तो मेकॅनिकल सील आहे. त्यासाठी पूर्ण पंप बदलायची गरज नाही. चार बोल्ट काढले की पुढचा भाग सुटतो. त्याआधी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, नसतील तर टब रिकामा करा. नवा सील बसवताना त्याच्या गुळगुळीत सिरॅमिक तोंडाला बोट लावू नका, आणि तेल-ग्रीसही नको. साबणाच्या पाण्याने रबर ओलं केलं की तो सरकतो. सोबत ओ-रिंगही बदला.

सील का गेला तेही बघू. टँकरचं बोअरिंगचं जड पाणी टबात भरत असाल तर सीलच्या तोंडावर क्षार धरतो आणि तो चरे पाडतो. किंवा पाणी आम्लधर्मी झालं असेल. पीएच 7.2 ते 7.8 मध्ये ठेवा आणि क्लोरीनच्या गोळ्या फिल्टरच्या टोपलीत टाकून ठेवू नका. रात्री पंप बंद असताना त्या विरघळतात आणि तीव्र पाणी सीलपाशी जाऊन थांबतं. बेअरिंगमधून अजून आवाज येत नसेल तर हे काम आठवड्याभरात उरका. गळतं पाणी शाफ्टवरून मोटरमध्ये शिरलं की मग खरंच पंप बदलावा लागेल.

सीवूड्स: फ्लॅटच्या बाथरूममध्ये जेट्सचा बाथटब आहे. बिल्डरने चारही बाजूंनी टाइल्स लावल्या आहेत. पंप बंद पडलाय, ऑनलाइन हॉट टबचा पंप स्वस्त मिळतोय.

तो नको. हॉट टबात तेच पाणी फिल्टर आणि क्लोरीनसह आठवडे राहतं. तुमचा टब दर आंघोळीनंतर रिकामा होतो. म्हणून त्याला असा पंप लागतो ज्याच्या पोटातलं पाणीही टबासोबत निथळून जातं. हॉट टबच्या पंपात तळाशी पाणी उरेल, शेवाळेल आणि पुढच्या वेळी जेट्समधून अंगावर येईल. पाइपलाही टबकडे उतार हवा.

आणि पंप मेलाय हे नक्की आहे का? भिंतीवरचं बटण बहुधा हवेचं असतं. त्यामागची बारीक नळी निघाली किंवा चिरली तरी पंप सुरू होत नाही. टाइल फोडावी लागणारच आहे, पण ती टबच्या उभ्या बाजूची फोडा. जमिनीच्या टाइल्सना हात लावलात तर वॉटरप्रूफिंग जाईल आणि खालच्या घराशी वाद उभा राहील. पंपासमोर हात आणि पाना आत जाईल एवढी जागा मोकळी करा आणि तिथे चुंबकाच्या फ्रेमवर टाइल चिकटवून झाकण करून घ्या.

कोलशेत: नवा पंप बसवला, मोटर फिरते, जेट्समधून पाणी येत नाही.

पंपाने हवा धरली आहे. बंद करा, आत येणारा व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंपावरचं बाहेर जाणाऱ्या बाजूचं युनियन (हाताने सोडता येणारा पाइपचा जोड) थोडं सैल करा. फुसफुस थांबून पाणी आलं की हाताने घट्ट करा, पाना नको. मग कमी वेगावर सुरू करा. हवा धरलेला पंप चालवत बसलात तर नवाकोरा सील कोरडाच घासून जळेल.

माजिवडा, ठाणे: सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आरसीसी जकुझी आहे. पंप बदलण्यासाठी कोटेशनं आली आहेत. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये मोठा थ्री फेज पंप आहे. कमिटीने काय बघावं?

किमतीआधी पाणी खेचणारी जाळी बघा. मोठा पंप जास्त जोराने खेचतो, आणि जाळी एकच असेल किंवा तुटकी असेल तर केस किंवा अंग तिथे अडकून माणूस पाण्याखाली राहू शकतो. अमेरिकेत 2002 साली सात वर्षांची एक मुलगी हॉट टबच्या तळाच्या जाळीला अशीच चिकटून दगावली. तिच्या नावाने तिथे 2007 मध्ये कायदा झाला. लहान मुलं वापरतात त्या क्लबहाऊसमध्ये हा मुद्दा मी कुठल्याही सवलतीपेक्षा वर ठेवीन. एका पंपाला किमान दोन जाळ्या असाव्यात, एकमेकींपासून 3 फूट किंवा त्याहून दूर. जाळीवर मिनिटाला किती गॅलनची मर्यादा छापली आहे ते वाचा (1 अमेरिकन गॅलन म्हणजे 3.785 लिटर). पंपाची क्षमता त्याच्या आत बसत नसेल तर ते कोटेशन बाजूला ठेवा. टबपासून हात पोचेल अशा जागी इमर्जन्सी स्टॉपचं बटण हवं.

विजेच्या बाजूने 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली तर पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट तपासलेलं अर्थिंग लागेलच. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायची जबाबदारी एका माणसावर द्या. बसवून झाल्यावर इलेक्ट्रिशियनला दोन गोष्टी तुमच्यासमोर करायला सांगा. मोटरचा पंखा बाणाच्या दिशेने फिरतोय का हे दाखवावं. थ्री फेजमध्ये दोन वायरी उलट लागल्या तर पंप उलटा फिरतो, पाणी थोडंसं देतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आट्यांचा इम्पेलर सुटू शकतो. दुरुस्ती सोपी, कुठल्याही दोन फेज अदलाबदल करायच्या. मग क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचे अँपिअर मोजून तारखेसह रजिस्टरमध्ये लिहून घ्यावेत. पुढे कधी पंप कुरकुरू लागला तर तुलनेला तेच आकडे उपयोगी पडतील.

जाळी आज सैल किंवा तडकलेली दिसली तर कोटेशनची वाट पाहू नका. पंपाचा एमसीबी बंद करून टब रिकामा करा आणि नवी जाळी बसेपर्यंत कोणालाही आत उतरू देऊ नका.