सायकलवाल्यानं रस्त्यात नेमकं कुठं असावं?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की थंडी सुरू झालीय, सायकल बाहेर काढा. त्यावर जी पत्रं आली ती जवळपास सगळी एकाच सुरातली, की सायकल चालवायला आवडतं हो पण मागून गाड्या येतात त्याची भीती वाटते. त्यातली तीन घेतोय.

प्रश्न: दादा, मी संभाजीनगरला क्रांती चौकाजवळ राहतो, चिकलठाणा एमआयडीसीत कामाला आहे, जालना रोडनं रोज सायकलवर जातो. मी अगदी कडेकडेनं चालवतो, कुणाच्या मधे येत नाही, तरी गाड्या घासून जातात. चौकातलं आयलंड (रस्त्याच्या मधला ओटा) आलं की हमखास कट मारतात. आणि जिथं सायकल ट्रॅकचा पट्टा मारलाय तिथं गाड्या उभ्या केलेल्या असतात. मग मी चालवायचं कुठून?
– एक कामगार वाचक

उत्तर: भाऊ, कडेकडेनं चालवता म्हणूनच घासून जातात. तुमची चूक नाही यात, आपल्या सगळ्यांना लहानपणी घरून हेच सांगितलंय की बाबा एकदम साईडनं जा. पण जरा हिशोब करून बघा. रस्त्याची एक लेन साधारण साडेतीन मीटरची, मोठी बस अडीच मीटरच्या आसपास रुंद, आणि तुमचं हँडल धरा ६० सेंटीमीटर. तुम्ही कडेला चिकटलात की उरले २ मीटर ९०, मागच्या ड्रायव्हरला वाटतं बसतंय की, आणि तो काढतो, आणि तुमच्या हँडलच्या नि बसच्या मधे जेमतेम सव्वा फूट जागा राहते, त्यात तुम्ही एखादा खड्डा नाहीतर गटाराचं झाकण चुकवायला उजवीकडं झालात तर संपलंच. आता तेच तुम्ही कडेपासून एक मीटर आतून चालवलं तर उरतात २ मीटर २०. तिथून बस जातच नाही. त्याला मागं थांबावं लागतं नाहीतर पलीकडची लेन घेऊन नीट लांबून जावं लागतं. हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. हॉर्न वाजवला म्हणजे त्याला तुम्ही दिसलात.

आयलंडपाशी तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथं रस्ता अरुंद होतो आणि गाडीवाल्याला त्याच्या आधी तुमच्या पुढं निघायची घाई असते, मग तो तुमच्या बाजूला आल्यावर त्याला समजतं की पुढं दोघांना जागा नाही, आणि तो डावीकडं दाबतो. म्हणून ३०-४० मीटर आधीच तयारी करायची. उजव्या खांद्यावरून मागं वळून बघा (मागं बघताना सायकल वळते बऱ्याच जणांची, रिकाम्या मैदानात आठ दिवस प्रॅक्टिस करा, खरंच), मागं गॅप असेल तर उजवा हात सरळ बाहेर काढा आणि हळूहळू लेनच्या मधोमध या, तसंच आयलंड पार करा, मग परत डावीकडं होऊन मागच्याला जाऊ द्या, हात करा त्याला. १५ च्या स्पीडला तीस मीटर म्हणजे सात सेकंद, तेवढ्यानं कुणाचं काही अडत नाही. आणि गॅप नसेल, मागून कुणी जोरात येतच असेल, तर स्पीड कमी करून त्याला आधी जाऊ द्या. फक्त त्याच्या शेजारी राहून आयलंडजवळच्या अरुंद जागेत शिरू नका.

हे मी मनाचं सांगत नाहीये. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत जानेवारी २०२२ पासून हे लिहूनच टाकलंय, की रस्ता अरुंद होतो तिथं आणि चौक जवळ आला की सायकलवाल्यानं लेनच्या मधून चालवावं, आणि ताशी ३० मैलांपर्यंतच्या स्पीडला ओव्हरटेक करणाऱ्यानं निदान दीड मीटर अंतर सोडावं. जर्मनीत २०२० पासून शहरात दीड आणि शहराबाहेर दोन मीटर. दीड मीटर म्हणजे आपण हात लांब करून बोटं पसरली की त्याच्या दुपटीच्या आसपास, यावरून विचार करा आपल्याकडं किती जवळून जातात लोक.

सायकल ट्रॅकचं म्हणाल तर मोकळा असेल तर जरूर वापरा, पण रंगाचा पट्टा म्हणजे भिंत नव्हे. उभ्या गाड्यांच्या शेजारून जाताना दाराएवढी जागा, म्हणजे मीटरभर तरी सोडा, आतला माणूस मोबाईल बघत दार उघडतो. सगळ्यात जास्त धोका ट्रॅक संपतो किंवा गाड्यांमुळं बाहेर यावं लागतं तिथं असतो. एकेका गाडीच्या मागून आत-बाहेर, आत-बाहेर करू नका, पुढं चार गाड्या उभ्या दिसल्या की एकदाच मागं बघून बाहेर या आणि सरळ रेषेत चालवत राहा.

अजून एक, हे मी स्वतः भोगलंय. बरीच वर्षं झाली, एका चौकात सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या डाव्या बाजूनं मी पुढं सरकत होतो. सिग्नल सुटला, ट्रक डावीकडं वळला. पुढचं चाक माझ्यापासून चांगलं लांबून गेलं म्हणून मी निर्धास्त, पण लांब गाडी वळताना मागचं चाक आतून येतं हे मला तेव्हा माहितीच नव्हतं. सायकल सोडून फुटपाथवर उडी मारली म्हणून आज लिहितोय. सायकलचं चाक चपटं झालं होतं. त्या ड्रायव्हरला मी आरशात दिसलोच नव्हतो, तो खाली उतरून माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. ट्रक, बस, टँकर यांच्या डाव्या अंगाला चौकात कधीच म्हणजे कधीच जाऊ नका, मागं थांबा.

प्रश्न: ताई-दादा जे कुणी असाल, आम्ही औसा तालुक्यात राहतो. मुलगी नववीला, सरकारच्या मानव विकास योजनेतून सायकल मिळालीय, शाळा चार किलोमीटर. आता उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेत, काळी-पिवळीवाले पण लई जोरात नेतात. जीव टांगणीला लागतो. सायकल बंद करावी का?
– एक आई

उत्तर: ताई, बंद करू नका. त्या सायकलवर तिची शाळा टिकून आहे. पण काही गोष्टी आजच्या आज करा.

रस्त्याची कड बघून या स्वतः. नवीन सिमेंटचे रस्ते झालेत तिथं साईडपट्टी भरलेली नसली की कडेला चार-सहा इंचाची पायरी पडते. मुलं हॉर्न ऐकून दचकून खाली उतरतात आणि तशीच चालत्या सायकलवर तिरपं वर चढायला बघतात, चाक कडेला घासतं आणि सायकल रस्त्यावरच पडते, म्हणजे नेमकी गाडीखाली. तिला सांगा, खाली गेलीस तर थांब, उतर, सायकल उचलून वर घे.

उसाच्या डबल ट्रॉलीचं वेगळं आहे. पुढचं मुंडकं गेलं म्हणजे ट्रॅक्टर गेला असं नसतं, मागच्या ट्रॉल्या झुलत येतात, ऊस बाहेर आलेला असतो. ट्रॅक्टर मागून येताना दिसला की सरळ बाजूला थांबायचं, शेवटची ट्रॉली जाईपर्यंत. आणि त्याला ओव्हरटेक करायला तर जायचंच नाही, किती का हळू चालेना. मोठा ट्रक जोरात गेला की आधी वारा बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो, तेव्हा हँडल दोन्ही हातांनी धरायचं. दप्तर हँडलला अडकवू नका, कॅरियरला बांधा.

आणि उजेड. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो, शाळा सुटून मैत्रिणींशी बोलत निघाली की अंधार झालाच. मागचा लाल लाईट दोनशेच्या आत मिळतो, तो घ्या, रिफ्लेक्टरवर धूळ बसते ती पुसत जा. सकाळी पूर्वेकडं जात असेल तर मागच्या ड्रायव्हरच्या डोळ्यावर ऊन असतं, त्याला ती दिसत नाही असंच धरून चालायचं. चार-पाच मुली मिळून जात असतील तर उत्तम, पण गप्पा मारत आडव्या नको, एकीमागं एक.

प्रश्न: सर मी नांदेडला कॉलेजला आहे. दुभाजकाचा कट लांब आहे म्हणून ३०० मीटर राँग साईडनं जातो. समोरून येणारी गाडी दिसते म्हणून हे सेफच आहे ना?

उत्तर: नाही रे. समोरून येणाऱ्या गाडीकडं तोंड करून चालायचं हे पायी चालणाऱ्यासाठी आहे, तो जागच्या जागी थांबू शकतो, बाजूला होऊ शकतो. तू १५ नं आणि गाडी ४० नं समोरासमोर आलात तर ५० मीटर अंतर सव्वातीन सेकंदात संपतं, एकाच दिशेला असाल तर सात सेकंद मिळतात. शिवाय गल्लीतून बाहेर येणारा डावीकडं वळताना फक्त उजवीकडं बघतो, तू त्याच्या डावीकडून येतोस. तेवढं अंतर सायकल हातात धरून फुटपाथनं चाल, ३०० मीटरला चार मिनिटं लागतात.