दोन वर्षांच्या मुलीचा हॅलोविन: चार घरं पुरेत

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक नुकतीच दोन वर्षांची झाली. नवऱ्याला तिला हॅलोविनला ट्रिक-ऑर-ट्रीटला, म्हणजे वेश करून दारोदार कँडी मागायला, न्यायची फार हौस आहे. सासूबाई सध्या इथे आल्या आहेत. दारोदार लटकलेले सांगाडे बघून त्यांना कसंसंच होतं. मुलीला न्यावं का? आणि एवढ्या कँडीचं काय करायचं?

उत्तर: न्या की. फक्त हौस बाबांची असली तरी वेग लेकीचा ठेवा. या वयात चार घरं म्हणजे पुष्कळ झाली.

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला, तेव्हा हिवाळ्यासाठी घड्याळं अजून तासभर मागे गेलेली नसतात, त्यामुळे तुमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुपारची झोप झाली की काहीतरी खायला घाला आणि पाचला बाहेर पडा. मोठी मुलं अंधार पडता पडता निघतात आणि भयानक मुखवटे त्यांच्याच तोंडावर असतात. तोवर तुम्ही घरी परतलेल्या असाल. दारावरचा दिवा लावलेला असेल तर त्या घरी जायचं, हा इथला संकेत. पण पाच वाजता दिवे लागलेलेच नसतात. म्हणून ओळखीच्या शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. त्यांनाही आवडतं.

मुखवट्यामागे ओळखीचाच माणूस आहे, हे मोठ्यांना कळतं. दोन वर्षांच्या मुलीला ते धड उमगत नाही. तिच्या लेखी तो चेहराच बदललेला असतो. आधीचे काही दिवस बाबांनी तिच्यासमोर मुखवटा चढवावा, काढावा, तिच्या हातात द्यावा. तरीही घाबरली तर उचलून घ्या आणि मागे फिरा. ‘अगं, काही नाही, हात लावून बघ’ असा आग्रह नको, आणि त्या रडण्याचा व्हिडिओ तर नकोच नको. आणखी एक: जेवताना बागुलबुवाची भीती घालायची सवय घरात कुणाला असेल, तर निदान हा महिना ती बंद ठेवा. समोरच्या अंगणात तो बारा फुटांचा उभा आहे!

वेशाचं फार मनावर घेऊ नका. फेटा बांधून मावळा करायचा बेत बऱ्याच घरांत असतो. तो फेटा दुसऱ्या घरापर्यंत टिकत नाही. नेहमीच्या हुडीला कान शिवून ससा करा, थंडीचंही भागतं. तोंडावर मुखवटा नको, आणि झगा पायात येईल इतका लांब नको. गाडीतून जाणार असाल तर जाडजूड वेश कार सीटच्या पट्ट्यांखाली घालू नका, पट्टे सैल राहतात. उतरल्यावर चढवा.

आता कँडी. गोडाने दात किडतात ही काळजी नंतरची, आधी घशात अडकण्याची. चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळ्या, चिकट कॅरॅमल, च्युइंगगम, पॉपकॉर्न, अख्खे दाणे यातलं काहीच देऊ नये, असं इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. पिशवीतलं बरंचसं यातच मोडतं. आपल्या घरात खिचडीपासून कोशिंबिरीपर्यंत दाण्याचं कूट असतं, त्यामुळे लेकीला दाणे सोसतात की नाही हे तुम्हाला एव्हाना माहीत असेल. पण कूट वेगळं आणि अख्खा दाणा वेगळा. चालता चालता काहीच खाऊ देऊ नका. घरी येऊन पिशवी ओता, तिच्या जोगं एखादं मऊ चॉकलेट काढा, बाकीचं बाबांच्या ऑफिसात जाऊ दे. काही दारांत मोरपंखी रंगवलेला भोपळा दिसेल. तिथे ॲलर्जीवाल्या मुलांसाठी खाऊऐवजी स्टिकर, खडू असं काहीतरी मिळतं. तुमच्या लेकीसाठी तीच घरं उत्तम. तुम्हीही तसा एक भोपळा दारात ठेवा.

मला खरी धास्ती लुकलुकणाऱ्या खेळण्यांची आणि प्लॅस्टिकच्या पणत्यांची वाटते. त्यांत बटणाएवढा सेल असतो. तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. शंका जरी आली तरी वाट न बघता इमर्जन्सी गाठा. झाकणाला स्क्रू नसेल तर ती वस्तू घरात आणूच नका. अंधारात चमकणारी कांडी चावून फोडली तर प्रकरण बहुतेकदा जळजळीवर निभावतं. तोंड धुऊन पॉयझन कंट्रोलला (विषबाधेच्या हेल्पलाइनला) १-८००-२२२-१२२२ वर फोन करा.

सासूबाईंना कुठलंही तत्त्वज्ञान ऐकवू नका. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा, आपल्या वसईत आणि गोव्यातही त्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावतात, एवढं सांगितलं तरी ‘हे अभद्र काय?’ थोडं निवळेल. मग कँडीची परडी त्यांच्या मांडीवर द्या आणि दाराशी बसवा. फुलपाखरं, वाघ, परी होऊन आलेली पोरं बघून त्या स्वतःच मूठ मोठी करतील. दिवाळी आणि हॅलोविन जवळजवळ आले की काम आणखी सोपं: २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती, पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी ट्रिक-ऑर-ट्रीट.

भोपळा कोरायच्या फंदात पडू नका. लेकीच्या आसपास सुरी नको. बोटांनी रंगवू द्या. सासूबाईंना घारगे करायचे असतील तर कोरायचा तो मोठा भोपळा पाणचट निघतो, दुकानात ‘पाय’ (pie) या गोड पदार्थासाठी मिळणारा लहान, गोड भोपळा आणा. रंगवलेला मात्र शिजवू नका.