पहिला फ्लिप-ओव्हर तंबू घेताना

फ्लिप-ओव्हर म्हणजे गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायचा तंबू. तो स्लेजवर, म्हणजे बर्फावर ओढायच्या घसरगाडीवर बसवलेला असतो आणि त्याचं छत मागून डोक्यावरून पुढे उलटतं. आधी एकच ठरव: तंबू बर्फावर ओढणार कोण? स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी मोटरगाडी) असेल तर दोन माणसांचा खुशाल घे. पायी जाणार असशील तर एकट्यापुरताच बघ. नुसत्या तंबूच्या वजनावर जाऊ नकोस. त्याच्या स्लेजमध्ये ऑगर (बर्फात भोक पाडायचा गिरमिट), हीटर, बादली असं सगळं चढतं आणि भुसभुशीत बर्फात ते दुप्पट जड वाटतं.

दुकानात तंबू स्वतः उघडून बघ, तेही जाड हातमोजे घालून. खुर्चीवर बसून छत एका झटक्यात डोक्यावरून पुढे यायला हवं. दांड्याची खटकी मोज्यातल्या बोटांनी दाबता येत नसेल तर तो तंबू सोडून दे.

कापड अस्तराचंच घे. जास्त वजन पत्करावं लागलं तरी चालेल, कारण एकपदरी कापडावर वाफ गोठते आणि हीटर लावला की तेच पाणी मानेवर टपकतं.

आणि हे मनापासून सांगतो: हीटर चालू असताना झरोका कधीही बंद करू नकोस. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॅटरीवरचा अलार्म सोबत ठेवच. पायी जायलासुद्धा किमान ४ इंच स्वच्छ, टणक बर्फ हवा. जागोजागी भोक पाडून जाडी मोजत पुढे जा.