सांध्यातील धातू आणि मागावरील प्लास्टिक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या आईचे (वय ६८) दोन्ही गुडघे बदलायचे ठरले आहे. रुग्णालयात कोबाल्ट-क्रोम, टायटॅनियम आणि सोनेरी रंगाचा असे तीन प्रकार दाखवण्यात आले. टायटॅनियमच सर्वांत चांगले, असे नातेवाईक सांगतात. आईला जन्मभर पुरेल असा कोणता गुडघा घ्यावा?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपले पत्र इचलकरंजीहून आले याचा मला विशेष आनंद झाला, कारण आपल्या आईच्या गुडघ्यात जो भाग सर्वाधिक झीज सोसणार आहे, त्याचे मूळ यंत्रमागाच्या सुट्या भागांत आहे. त्याकडे येतोच, आधी धातूविषयी.

कृत्रिम गुडघा एका पदार्थाचा नसतो. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची गुळगुळीत टोपी बसते, नडगीच्या हाडावर धातूची तबकडी बसते आणि दोहोंच्या मध्ये प्लास्टिकची गादी असते. टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि त्यामुळे शरीर त्याला सहज सामावून घेते. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणे पुढे काढता येईनात, इतके हाड त्यांना घट्ट धरून बसले होते. आजचे दातांचे इम्प्लांट याच निरीक्षणातून आले. मात्र घर्षणाला हा धातू दुबळा आहे. त्याचा पृष्ठभाग ओरखडतो आणि त्यातून धातूची काळी भुकटी सुटते. म्हणून जिथे सतत घासायचे आहे त्या टोपीसाठी कठीण आणि आरशासारखा चकचकीत करता येणारा कोबाल्ट-क्रोमच बहुतेक वापरला जातो, तर टायटॅनियम हाडाला टेकणाऱ्या तबकडीसाठी योग्य ठरते. तेव्हा ‘टायटॅनियमचा गुडघा’ म्हणजे नेमका कोणता भाग टायटॅनियमचा, हे सर्जनना जरूर विचारा.

सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडच्या लेपाचा असतो. हार्डवेअरच्या दुकानातील सोनेरी ड्रिलवर असतो तोच हा लेप. जाडी अवघी काही मायक्रॉन. खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या धातूच्या पट्ट्याने आईच्या कातडीवर पुरळ उठत असेल, तर निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते. ते शस्त्रक्रियेआधी सांगा, कारण अशा रुग्णांसाठी या लेपाचा विचार करण्यात अर्थ आहे. तसा त्रास नसेल, तर केवळ रंगासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवल्या, तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम वा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या (ऑक्साइडचा कठीण थर चढवलेल्या झिर्कोनियम धातूच्या) गुडघ्याला ७६,६०० रुपये अशी मर्यादा घातली होती. किमतीतील या फरकावरून लोक टिकाऊपणाचा अंदाज बांधतात, आणि तो चुकतो.

टिकाऊपणा बव्हंशी मधल्या गादीवर अवलंबून असतो. इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे सर्जन जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस खुब्याच्या कृत्रिम सांध्यात टेफ्लॉनची वाटी वापरली होती. टेफ्लॉन निसरडे असल्याने ते उत्तम ठरेल, अशी त्यांची अपेक्षा होती. पण काही वर्षांतच वाट्या झिजल्या, झिजलेल्या कणांभोवती सूज आली आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. खुद्द चार्नलींनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले आणि तिथे गाठी आलेल्या पाहिल्या. १९६२ मध्ये लँकेशायरच्या कापड गिरण्यांना मागाची प्लास्टिकची दातेरी चाके विकणारा एक विक्रेता त्यांच्याकडे एका नव्या पॉलिथिलीनचा तुकडा घेऊन आला. चार्नलींनी त्यात नख खुपसून पाहिले आणि ते निरुपयोगी ठरवले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र, साहेब परदेशी गेलेले असताना, तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे, तितके हे पॉलिथिलीन तीन आठवड्यांतही झिजले नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते रुग्णांत बसवले जाऊ लागले. क्रेव्हन यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

बाजारच्या पिशवीचे प्लास्टिकही पॉलिथिलीनच, पण सांध्यातील पॉलिथिलीनचे रेणू कितीतरी पट लांब असतात आणि एकमेकांत गुंतल्याने सहजी सुटत नाहीत. तरीही झीज होतेच. माझ्या टेबलावर एका सर्जन मित्राने दिलेली, रुग्णाच्या गुडघ्यातून काढलेली जुनी गादी आहे. तिची कड पिवळसर पडली आहे, आतल्या बाजूला अंगठ्याएवढा भाग घासून खोलगट झाला आहे आणि तिथून कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक थर सुटला आहे. या झिजेतून निघणारे सूक्ष्म कण पांढऱ्या पेशी गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत; त्या जी रसायने सोडतात त्यांमुळे भोवतालचे हाड विरघळू लागते आणि सांधा सैल होतो. पूर्वी गाद्या हवेतच गॅमा किरणांनी निर्जंतुक करत, त्यामुळे प्लास्टिकचे ऑक्सिडीकरण होऊन ते ठिसूळ बनत असे. पुढे हवा वगळून निर्जंतुकीकरण, किरणांनी रेणूंची एकमेकांशी सांधणी आणि काही गाद्यांत ई जीवनसत्त्वाची मिसळ, असे उपाय आले. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड येथील सांधेबदल शस्त्रक्रियांच्या नोंदवह्यांवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात. आपल्या आईचे वय पाहता हा आकडा धीर देणारा आहे. गादी कोणत्या प्रकारची आहे आणि पाय सरळ रेषेत आणण्यासाठी सर्जन काय करणार आहेत, हे दोन प्रश्न धातूच्या प्रश्नाआधी विचारा.

प्रश्न : सांधा बसवताना ‘सिमेंट’ वापरतात म्हणे. ते शरीरात विरघळत नाही का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : बांधकामाच्या सिमेंटशी त्याचा संबंध नाही. ते अ‍ॅक्रिलिक आहे. दातांच्या कवळीचा गुलाबी भाग ज्या जातीच्या प्लास्टिकचा असतो, त्याच जातीचे. शस्त्रक्रियागृहात पूड आणि द्रव एकत्र कालवतात, दहा-बारा मिनिटांत मिश्रण गरम होऊन घट्ट होते. ते डिंकासारखे चिकटत नाही. हाडाच्या जाळीदार छिद्रांत शिरून तिथे अडकते. शरीरात ते विरघळत नाही.

प्रश्न : अपघातात माझ्या भावाच्या मांडीचे हाड मोडले. स्टीलची प्लेट बसवली, ती पाच महिन्यांत तुटली. निकृष्ट स्टील वापरून आमची फसवणूक झाली असेल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आपला संताप मी समजू शकतो. दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपावे लागणे ही लहान गोष्ट नव्हे. शक्यता दोन्ही आहेत. त्या वेगळ्या काढता येतात.

प्लेटचे काम हाड जुळेपर्यंत आधार देण्याचे असते, जन्मभर भार वाहण्याचे नसते. हाड जुळले नाही, तर प्रत्येक पावलागणिक प्लेट किंचित वाकते आणि परत सरळ होते. भाऊ त्या पायावर दिवसाला २,५०० वेळा भार देत असेल, तर पाच महिन्यांत हे पावणेचार लाख वेळा घडते. लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसेच हेही. याला धातूचा थकवा म्हणतात, आणि उत्तम स्टीलही त्यातून सुटत नाही. मधुमेह, तंबाखू, जंतुसंसर्ग किंवा सांगितलेल्या मुदतीआधी पायावर भार देणे, यांमुळे हाड जुळायला उशीर होतो. तेव्हा प्लेट का तुटली यासोबत हाड का जुळले नाही, हेही विचारायला हवे.

प्लेटसाठी ३१६ एल जातीचे स्टील वापरतात. स्वयंपाकघरातील भांड्यांच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते; ३१६ एलमध्ये निकेल अधिक असते आणि वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते. शरीरातील द्रव खारट असल्याने साध्या स्टीलवर बारीक खड्डे पडू शकतात, त्यांना मॉलिब्डेनम अटकाव करते. काढलेली प्लेट रुग्णालयाकडून मागून घ्या आणि तुटलेल्या टोकांना हात लावू नका, ती एकमेकांवर घासूही देऊ नका. थकव्याने तुटलेल्या धातूवर शिंपल्यावरील वळ्यांसारख्या रेषा दिसतात, आणि त्या जिथून सुरू होतात तिथे भेगेचा उगम असतो. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या धातुशास्त्र प्रयोगशाळेत या रेषांची आणि धातूच्या घटकांची तपासणी होऊ शकते.

दोष धातूत आढळला, तर गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे कळवा. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद ठेवण्याचा कार्यक्रम तिथून २०१५ पासून चालतो. त्यासाठी उत्पादकाचे नाव आणि लॉट क्रमांक लागेल. प्रत्येक इम्प्लांटच्या वेष्टनात हे क्रमांक छापलेले स्टिकर असतात, शस्त्रक्रियागृहातील परिचारिका त्यांतील एक केसपेपरवर चिकटवतात. त्या पानाची प्रत लेखी अर्ज करून मागा. इचलकरंजीच्या वाचकांनीही आईला घरी नेताना ती आठवणीने मागून घ्यावी. पुढे एमआरआय काढायची वेळ आली, तर तंत्रज्ञ पहिल्यांदा तोच कागद मागतील.