लष्कराच्या जुन्या साठ्यातली रायफलची काडतुसं घ्यावीत का?

तुम्ही विचारलंय की चाळीस-पन्नास वर्षं जुनी, लष्कराने मोडीत काढलेली काडतुसं स्वस्तात मिळतायत, तर ती उडतील का, नेम लागेल का आणि रायफलीचं वाटोळं तर होणार नाही ना. मी छंद म्हणून नेमबाजी करतो, असला माल बराच उडवलाय. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण फजिती तिथेच झाली होती.

माझा पहिला डबा सोव्हिएत होता, मोसिन-नागांत या जुन्या रशियन रायफलीच्या ७.६२ × ५४ काडतुसांचा. सीलबंद पत्रा, आत वीस-वीसच्या कागदी पुड्या, एकूण ४४० नग. डबा कापला तर काडतुसं काल भरल्यासारखी कोरी. पहिल्या दिवशी ऐंशी झाडली, एकही फुसकं निघालं नाही. घरी येऊन नळीतून चिंधी फिरवली, वर तेल दिलं आणि खुशीत रायफल ठेवून दिली. चौथ्या दिवशी नळी उजेडाकडे धरून पाहिली, तर आट्यांमध्ये नारिंगी गंज.

दोष काडतुसातल्या दारूचा नव्हता, प्राइमरचा होता, म्हणजे दारू पेटवणाऱ्या तळाच्या टोपीचा. जुन्या लष्करी प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे आपल्या मिठाचं सख्खं भावंड. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पोलाद खातं. हा क्षार तेलात विरघळत नाही. मी त्याच्यावर तेलाचं पांघरूण घातलं आणि तो खाली निवांत काम करत बसला. उपाय अगदी साधा आहे : त्याच दिवशी नळीतून गरम पाणी ओतायचं, बोल्टचं (नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याचं) तोंडही धुवायचं, कोरडं करायचं आणि मग तेल. आपोआप भरणारी रायफल असेल तर गॅसचे भागही धुवावे लागतात, ते कटकटीचं आहे. अमेरिकन लष्कराचा माल १९५० च्या दशकात या क्षारातून सुटला, त्यांच्या .३० कार्बाइनची काडतुसं तर पहिल्यापासूनच बिनक्षाराची होती. बाकी विकणारा काहीही सांगो, खात्री नसेल तर धुवा. पाणी फुकट आहे.

उडतील का? वयाला घाबरू नका, साठवण बघा. थंड, कोरड्या जागी सीलबंद राहिलेलं सत्तर वर्षांचं काडतूस तापलेल्या गोदामातल्या वीस वर्षांच्या काडतुसापेक्षा भरवशाचं. इंग्रजांच्या फौजेला हे हिंदुस्थानातच कळलं होतं. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा, दोन्ही मिळून ताणलेलं पितळ फोडायचे. म्हणून हातात घेतल्यावर आधी पुंगळीची मान बघा. बारीक उभी चीर दिसली किंवा हिरवा थर चढलेला असला, तर तो लॉट सोडा. दारूला आंबूस उग्र वास येत असेल तर ती कुजायला लागलीय, तिच्याशी खेळू नका.

थ्री नॉट थ्रीच्या जुन्या मालात एक वेगळीच गंमत भेटते, अर्थात गंमत नंतर वाटते. त्यात बऱ्याचदा कॉर्डाइट असतं, म्हणजे शेवयांसारख्या कांड्यांची जुनी दारू. एकदा मी चाप ओढला, नुसतं ‘खट्’. शेजारचा म्हणाला, “बोल्ट उघड.” मी नळी लक्ष्यावरच धरून मनात आकडे मोजायला लागलो आणि दोनवर ‘धडाम’. बोल्ट उघडला असता तर ती पुंगळी माझ्या तोंडाशी फुटली असती. तेव्हापासून ‘खट्’ झालं की किमान अर्धा मिनिट हलायचं नाही. आणि आवाज नेहमीपेक्षा मवाळ आला, तर पुढची गोळी झाडायच्या आधी रायफल रिकामी करून नळी तपासायची. गोळी आतच अडकलेली असू शकते.

नेमाचं म्हणाल तर अपेक्षा बेताची ठेवा. हा माल चिखलात, थंडीत, लाखोंच्या संख्येने उडावा म्हणून केलेला असतो. माझ्या रायफलीतून १०० मीटरवर पाच गोळ्या साधारण तळहाताएवढ्या जागेत बसतात. त्याच रायफलीत चांगली मॅचची (स्पर्धेसाठी बनवलेली) काडतुसं घातली की तेच वर्तुळ निम्म्यावर येतं. सरावाला तळहात पुरतो, स्पर्धेला नाही. एकाच लॉटचा माल घ्या, कारण लॉट बदलला की गोळी वर-खाली जाते आणि तुम्ही उगाच दुर्बिणीला दोष देत बसता.

घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. बऱ्याच पूर्व युरोपीय गोळ्यांचं आवरण किंवा गाभा पोलादी असतो, आणि पोलादी लक्ष्यं खराब होतात म्हणून अनेक रेंजवर त्यांना बंदी असते. टोकाचा रंगही बघा : अमेरिकन मालात काळं टोक म्हणजे चिलखतभेदी, सोव्हिएत मालात हिरवं म्हणजे ट्रेसर, जळत जाऊन वाट दाखवणारी गोळी. ती रेंजवर नेऊ नका.

रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायचा विचार असेल तर एकीत आत डोकावून बघा. तळाला मधोमध एकच भोक असेल तर ठीक, दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन पद्धतीची. तिचा प्राइमर नेहमीच्या सुईने निघत नाही. माझ्याकडे असल्या पुंगळ्यांची एक बादली भरलीय, भंगारात द्यायचं राहूनच जातंय.