डब्याच्या तळाशी ५ आहे, मग झालं का?

तुमचा प्रश्न असा आहे: नवं घर मांडताय, जो तो सांगतो की डबा उलटा करा, त्रिकोणात ५ दिसला की बिनधास्त घ्या. एवढं पुरतं का? आणि आईनं किराणा दुकानातल्या गोळ्यांच्या रिकाम्या बरणीत भरून पाठवलेलं कैरीचं लोणचं तसंच ठेवायचं की काढायचं?

पहिल्याचं उत्तर, पुरत नाही. दुसऱ्याचं, काढा, पण आजच्या आज धावपळ करायची गरज नाही.

मी भोसरीला एका मोल्डिंगच्या कारखान्यात क्वालिटीला ११ वर्षं होते. डबे, झाकणं, बाटल्यांची बुचं असा माल निघायचा. तिथे काढलेल्या दिवसांमुळे माझा प्लॅस्टिकवर रागही नाही आणि आंधळा विश्वासही नाही.

ते त्रिकोणातले आकडे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेनं काढले, आणि ते भंगार वेगवेगळं करता यावं म्हणून. म्हणजे आकडा भंगारवाल्यासाठी आहे, स्वयंपाकघरासाठी नाही. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, आम्ही त्याला नुसतं पीपी म्हणायचो. पीपीचा डबा होतो, तशीच बादली होते, खुर्ची होते, गाडीचा बंपर होतो. दाणा, म्हणजे ज्यापासून वस्तू बनते ते कच्चं प्लॅस्टिक, कुठल्या जातीचा आहे एवढंच तो आकडा सांगतो. त्यात रंग कसला घातला, भंगारातून परत वितळवलेला दाणा किती मिसळला, हे त्यातून कळत नाही.

अन्नासाठीच्या पीपीला आपल्याकडे वेगळं मानक आहे, आयएस १०९१०. शिवाय एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचे, २०१८चे पॅकेजिंगचे नियम आहेत, आणि त्यात प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या पदार्थांची एकूण मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे. आमचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत जायचे. तिथे डब्याचं प्लॅस्टिक पाण्यात, ३ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये आणि तेलाच्या जागी हेप्टेन नावाच्या द्रवात ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवतात, मग तो द्रव आटवून खाली उरलेलं वजन करतात. पहिल्यांदा तो रिपोर्ट हातात आला तेव्हा मी आमच्या सुपरवायझरना विचारलं होतं, ‘म्हणजे थोडं उतरतंच?’ ते म्हणाले, ‘उतरतंच. किती, ते बघायचं.’

पण मला खरं पटलं ते घरी, हळदीमुळे. नव्या पांढऱ्या पीपीच्या डब्यात मटकीची उसळ रात्रभर ठेवली होती. सकाळी धुतला तर तवंग जिथे टेकला होता, बरोब्बर त्या उंचीवर पिवळं कडं, आणि त्याच्या खाली डाग अगदी फिकट. साबण, लिंबू, खायचा सोडा सगळं झालं. डाग जाईना, कारण तो वर नव्हताच. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि तेलाबरोबर प्लॅस्टिकच्या आत शिरतो. (दोन दिवस कडक उन्हात ठेवा, बराच उडतो. उन्हानं तो रंग मोडतो.) आता विचार करा, तेल ज्या वाटेनं रंग आत नेतं, त्याच वाटेनं आतलं काहीबाही बाहेरही आणणार. काचेच्या वाटीला असं कडं कधी पडलेलं पाहिलंय?

म्हणून मी आकड्याच्या आधी पदार्थ बघते. तेलकट आहे का, आंबट आहे का, गरम आहे का, किती दिवस राहणार आहे. यातलं एखादंच असेल तर चांगल्या डब्याला काही होत नाही. दोन-तीन एकत्र आली की स्टील नाहीतर काच.

आता माझी फजिती. पाच-सहा वर्षांपूर्वी लोणी कढवलं, तूप गाळलं आणि फोन वाजला म्हणून घाईघाईत समोर होती त्या पेटच्या बरणीत ओतलं. पेट म्हणजे आकडा १, पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक. ते ७०-८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि कढवलेलं तूप १००च्या वर असतं, हे मला पाठ होतं. फोनवर बोलत मागे वळले तर बरणीनं मान टाकलेली, कंबरेत मुडपून ओट्यावर कललेली, आणि तूप शेगडीच्या पायापर्यंत. सासूबाई दारात उभ्या. ‘क्वालिटीला होतीस ना गं?’ एवढंच म्हणाल्या. ती वाकडी बरणी गॅलरीत आहे, कपड्यांचे चिमटे ठेवायला.

हाच पेट गार आणि कोरड्या वस्तूंना उत्तम. पोहे, रवा, डाळी, साखर खुशाल ठेवा. फक्त कढत पाण्यानं धुवू नका.

बाकीच्या आकड्यांचं थोडक्यात. २ आणि ४ ही पॉलिथीनची भावंडं, अन्नाला चांगली. डिसेंबर-जानेवारीत सोललेले मटार फ्रीजरला टाकायचे तर जाड, अन्नासाठीच्या पिशव्या याच जातीच्या घ्या. ५चा डबा फ्रीजरमध्ये ठिसूळ होतो, तिथून काढताना हातातून निसटला की तडकलाच म्हणून समजा. ३ म्हणजे पीव्हीसी. तो मऊ करायला त्यात वेगळी द्रव्यं मिसळतात आणि ती तेलाकडे ओढली जातात. चीज, खवा असलं काही पीव्हीसीच्या पातळ आवरणात गुंडाळून ठेवू नका. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोल त्याचाच. कधी संत्र्याचं साल थर्माकोलच्या तुकड्यावर पिळून बघा, थेंब पडला तिथे खड्डा पडतो. महाराष्ट्रात २०१८पासून थर्माकोलच्या ताटल्यांना बंदी आहे, तरी कुठल्या तरी कार्यक्रमात समोर येतातच.

७ म्हणजे ‘इतर’, आणि हा आकडा सगळ्यात फसवा. त्यात चांगलं-वाईट सगळंच येतं. जुने काचेसारखे कडक, पारदर्शक डबे आणि पाण्याचे बरेचसे २० लिटरचे जार पॉलिकार्बोनेटचे असतात, आणि ते बिस्फेनॉल-ए पासून बनतं. २०२३ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं या द्रव्याची रोजची सुरक्षित मात्रा आधीच्यापेक्षा २० हजार पटींनी खाली आणली. बाळांच्या दुधाच्या बाटल्यांना पॉलिकार्बोनेट आपल्याकडेही चालत नाही. घरात असला जुना डबा असेल आणि आतून चरे पडले असतील तर त्यात सुईदोरे ठेवा.

आता रंग. याबद्दल कुणी बोलत नाही, मला मात्र आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. दुधी किंवा पारदर्शक डबा काढायचा तर दाणा स्वच्छ लागतो, जरा मिसळ झाली की ठिपके दिसतात, माल परत येतो. काळा, गडद मरून, गडद हिरवा रंग सगळं पोटात घेतो. स्वस्त घमेली, टब, बादल्या यांत परत वितळवलेला दाणा चालतो, कारण ती अन्नासाठी नसतातच. अडचण आपण करतो. बोहारणीकडून दोन जुन्या साड्यांवर घेतलेलं मरून घमेलं, त्यात कांदे-बटाटे ठेवा, काही बिघडत नाही. पण मे महिन्यात त्याच घमेल्यात मीठ-हळद लावलेल्या कैरीच्या फोडी रात्रभर ठेवलेल्या मी किती घरांत पाहिल्यात! आंबट, खारट, आणि बारा तास.

हॉटेलातून रस्सा येतो ते काळ्या तळाचे पातळ डबे धुऊन जपून ठेवायची सवय आमच्याही घरी आहे. सुका मेवा, कडीपत्ता, सोललेला लसूण याला ठीक. त्यात परत गरम रस्सा नको, आणि मायक्रोवेव्ह तर नकोच. ‘मायक्रोवेव्हला चालतो’ असं ज्यावर लिहिलंय त्या डब्याबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. डबा वेडावाकडा होत नाही, एवढाच त्याचा अर्थ मी घेते. तेल १००च्या पुष्कळ वर तापतं, तवंगाजवळचं प्लॅस्टिक म्हणूनच खडबडीत झालेलं दिसतं. २०२० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी बाळांच्या पीपीच्या बाटल्यांत, दूध करतात तसं, गरम पाणी घालून हलवून बघितलं, तर लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण निघाले. म्हणजे तुमचा भरवशाचा ५च. मी हे वाचून डबे फेकून दिले नाहीत. गरम करताना काचेच्या वाटीत काढून घेते, त्यात काय जातं?

घरात आकडाच नसलेला डबा असेल तर काठाची नखाएवढी चकती कापा आणि साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. वर आली तर पॉलिथीन किंवा पीपी. तळाला बसली तर पेट, पीव्हीसी, पॉलिस्टायरीन किंवा पॉलिकार्बोनेट यांपैकी काहीतरी. नवा डबा आणलात तर झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी उघडून आधी नाक लावा. रॉकेलसारखा किंवा जळकट वास आला तर दुकानदाराला परत. आणि तारेची घासणी प्लॅस्टिकला लावू नका. आतून धुरकट, चरे पडलेला डबा मी अन्नातून काढते, कितीही नामांकित असला तरी.

राहिलं लोणचं. गोळ्यांच्या त्या बरण्या बहुतेक पेटच्या असतात. बाजारातली लोणची आणि तेलंही पेटमध्येच येतात, त्यामुळे आईंनी काही भयंकर केलेलं नाही. फोडणी पूर्ण गार करून ओतली होती का, एवढं विचारा. बरणीचा आकार सरळ असेल तर उत्तर ‘हो’च असणार. पण ती बरणी कोरड्या गोळ्यांसाठी केलेली, वर्षभर तेलात आणि खारात राहायला नाही, आणि रोजच्या चमच्यानं आतून ओरखडे पडणारच. एखाद्या रविवारी काचेची नाहीतर चिनी मातीची बरणी धुऊन दिवसभर उन्हात ठेवा, आतून पूर्ण वाळली की लोणचं तिच्यात काढा. फोडी दाबून बसवा आणि वर बोटभर तेल राहतंय का बघा. कमी पडलं तर थोडं तेल कडकडीत तापवून, गार करून घाला. रिकामी झालेली बरणी कोमट पाण्यानं धुतलीत तर साबुदाण्याला होईल.